तीन गावं, तीन घरमालक

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी कॅम्प नंबर सांगतात, मग बराक नंबर, मग खोली. लष्कर जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली, बहुतेक बराकींच्या जागी चार-पाच मजले उभे राहिले, तरी पोस्टमन अजून बराकच शोधतो. घर खाली करण्याची नोटीसही त्याच पत्त्यावर येते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकाच लोकलच्या वाटेवरची लागोपाठची गावं. पण ‘खोली खाली करा’ असं सांगणारा मालक तिन्हीकडे वेगळा होता. त्यामुळे भाडेकरूच्या हक्काची गोष्टही तिन्हीकडे वेगळी घडली.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराने ट्रान्झिट कॅम्प बांधला. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील असा त्याचा हिशेब होता. त्यात २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ स्वतंत्र क्वार्टर्स होती. युद्ध संपलं आणि छावणी ओस पडली. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईच्या बंदरात उतरलेले सिंधी निर्वासित सरकारने इथे आणून ठेवले. १९४८ च्या मुंबई निर्वासित कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची केली. कोणी कुठे राहायचं हे ठरवण्याचा अधिकारही त्याच कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले आणि ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. तोवर इथली वस्ती लाखाच्या घरात पोहोचली होती. सैनिकांनी ओळीने खाटा टाकून झोपावं म्हणून बांधलेल्या लांबलचक बराकीत आता गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे बांधून संसार मांडले गेले. पडद्याच्या एका बाजूला एक कुटुंब, दुसऱ्या बाजूला दुसरं. ‘खोली’ म्हणायची ती एवढीच.

या लाखभर माणसांचा घरमालक एकच होता, सरकार.

आणि नेमक्या त्याच वर्षांत मुंबई राज्याने देशातल्या कडक भाडे कायद्यांपैकी एक कायदा केला होता. १९४७ चा ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा’ १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. त्याचं मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या १९१८ च्या भाडे निर्बंधात होतं. युद्ध आलं की शहरात माणसं वाढतात, घरं वाढत नाहीत आणि घरमालक भाडं चढवतो, हा अनुभव त्यामागे होता. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं ‘प्रमाण भाडं’ धरलं. घर त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलं असेल तर ते पहिलं भाडं प्रमाण ठरवलं. भाडेकरू हे भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर त्याला बाहेर काढता येत नाही, असं बाराव्या कलमाने सांगितलं. नोटिशी कितीही आल्या तरी मुद्दा तोच राहिला: भाडं द्यायची तयारी आहे की नाही?

पण याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं होतं की सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे गिरगावच्या चाळीतल्या भाडेकरूला जे कवच मिळालं ते बराकीतल्या निर्वासिताला मिळालं नाही. एवढ्यावर भागलं नाही. १९५० साली केंद्राने आपल्या जागा खाली करून घेण्यासाठी स्वतंत्र निष्कासन कायदा केला. इतर घरमालकांना कोर्टाची पायरी चढायला लावणाऱ्या सरकारने स्वतःसाठी मात्र आपल्याच अधिकाऱ्यापुढचा जवळचा रस्ता ठेवला. या विसंगतीबद्दल त्या काळात फारशी ओरड झालेली दिसत नाही, आणि ते साहजिकही आहे. ज्याला शिधा, पाणी आणि छप्पर एकाच दारातून मिळतं, तो त्या दाराशी कलमांवरून भांडत बसत नाही.

खरा प्रश्न उभा राहिला तो सरकारला हे घरमालकपण नको झालं तेव्हा.

१९५४ साली विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा झाला. सिंधमध्ये ज्यांची घरं-दुकानं मागे राहिली, त्यांचे दावे त्याआधीच नोंदवून तपासले गेले होते. सगळे त्याला ‘क्लेम’ म्हणत. क्लेमच्या रकमेतून राहत्या जागेची किंमत वळती करायची आणि ती जागा त्याच्या नावावर करायची, अशी योजना होती. कागदावर ती चांगली दिसते. पण क्लेम स्थावर मालमत्तेचा होता. कराचीत किंवा हैदराबाद-सिंधमध्ये जो स्वतः भाड्याच्या घरात राहत होता, त्याने घर गमावलं तरी त्याच्याकडे क्लेम नव्हता. तिथला भाडेकरू इथेही भाडेकरूच राहिला. तिथला मालक इथे बराकीतल्या खोलीचा का होईना, मालक झाला. सीमा ओलांडताना बाकी सगळं मागे पडलं, पण हा भेद मात्र माणसांबरोबर आला.

जागा एकाच्या नावावर होणार आणि आत राहणारा दुसराच असू शकणार, हे कायदा करणाऱ्यांना दिसत होतं. म्हणून त्या कायद्यात एकोणतिसावं कलम घातलं गेलं. त्याचा मतलब सरळ होता. सरकारी जागा कुणाला हस्तांतरित झाली आणि आत दुसरं कुणी कायदेशीरपणे राहत असेल, तर तो नव्या मालकाचा भाडेकरू समजायचा, जुन्याच अटींवर. ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त दोन वर्षं, त्याला हलवायचं नाही. अपवाद मोजके: भाड्याच्या मागणीची नोटीस मिळाल्यावर महिनाभरात थकबाकी न भरणं, लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, जागेचा भलताच वापर करणं किंवा जागेची नासधूस करणं. हे कलम मला त्या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं वाटतं. सरकारने जाता जाता नव्या मालकाच्या हातात नुसती सनद ठेवली नाही, एक बंधनही ठेवलं. आणि सरकारी जागा खासगी झाली की चौथ्या कलमातली सूटही संपत असे. दोन वर्षांची मुदत सरली तरी मुंबईचा भाडे कायदा पाठीशी उभा राहू शकत होता. उल्हासनगरच्या भाडेकरूच्या हातात कायद्याचं कवच आलं ते असं, मागच्या दाराने.

अंबरनाथची गोष्ट वेगळी. तिथला घरमालक कारखाना. काडेपेट्यांची विमको, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना, आयुध निर्माणी. शिलाहारांच्या शिवमंदिराच्या गावाला या कारखान्यांनी कामगारांचं गाव केलं. कारखान्याने दिलेलं क्वार्टर म्हणजे नोकरीचाच भाग. तिथे राहणारा भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारा. नोकरी संपली की परवानगी संपली. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ मिळायचा आणि पाठोपाठ क्वार्टर सोडण्याचं पत्र. आयुध निर्माणीच्या वसाहतीला केंद्राचा १९७१ चा सार्वजनिक जागांचा निष्कासन कायदा लागू होता. त्यात इस्टेट ऑफिसर आधी कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणं ऐकतो, मग आदेश काढतो, आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशाकडे अपील करता येतं. खासगी कंपन्यांच्या हातात याहून धारदार हत्यार होतं. १९५६ च्या कंपनी कायद्याचं ६३० वं कलम कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणाऱ्यावर फौजदारी खटला भरू देत होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे कलम माजी कर्मचाऱ्यालाही लागू असल्याचं सांगितलं. ज्याची ग्रॅच्युइटी अडकली आहे तो माणूस खोलीसाठी आरोपी ठरू लागला. आताच्या कंपनी कायद्यात कर्मचाऱ्याची भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांसारखी देणी कंपनीकडे थकली असतील तर त्याला कैदेची शिक्षा देता येत नाही, अशी तरतूद आहे. ती यायला फार उशीर झाला.

तिसरा, बदलापूरचा घरमालक म्हणजे साधा खासगी मालक. चाळवाला, बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देणारा, पुढे पागडीवर गाळा देणारा. तो इतर दोन गावांतही होता, आणि नोटिशीचं खरं नाट्य रंगलं ते त्याच्याभोवती.

त्या काळची नोटीस म्हणजे वकिलाच्या लेटरहेडवर टाइप केलेली दोन पानं, रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवलेली. ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘नोटीस खर्चासह’ रकमेची मागणी. हे पाकीट हातात पडलं की घरातल्या बायामाणसांना जेवण जात नसे. आणि कित्येकदा ती नोटीस कायद्याच्या दृष्टीने चिठोरं असे. कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस लागायची, आणि तिची मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीलाच संपावी लागायची. एखाद्याचा भाड्याचा महिना पाच तारखेपासून चार तारखेपर्यंत चालत असेल आणि वकिलाने सवयीने ‘तीस तारखेला ताबा द्या’ असं लिहिलं असेल, तर सगळं मुसळ केरात. म्हणून भाडेपावतीला मोल होतं. पावतीवर ‘५ पासून ४ पर्यंत’ असं पेन्सिलीने का होईना लिहिलेलं असेल, तर त्या एका ओळीवर खटला फिरायचा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्याखालच्याच एका खटल्यात सांगितलं की भाडे कायद्याचं कारण असलं तरी आधी अशी नोटीस देऊन करार संपवावाच लागेल. त्यानंतर पुढची सोळा-सतरा वर्षं नोटिशीतल्या तारखांवर कोर्टात कीस पाडला गेला. १९७९ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने धनपाल चेट्टियार खटल्यात हा घोळ मोडला. भाडे कायद्यानेच कारणं ठरवून दिली असताना वेगळी १०६ ची नोटीस लागत नाही, असं या पीठाने म्हटलं. घरमालकांनी सुटकेचा श्वास सोडला. भाडेकरूंच्या वकिलांचा एक हुकमी पत्ता गेला. खरं सांगायचं तर, तो पत्ता गेला याचं मला वाईट वाटत नाही. तारखेच्या चुकीवर टिकणारा निवारा हा हक्क नव्हे, नशीब. २००२ च्या दुरुस्तीने तर १०६ व्या कलमातूनच महिनाअखेरीची अट गेली.

थकबाकीची नोटीस मात्र वेगळी होती आणि ती कायम राहिली. भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणी करायची आणि महिनाभर थांबायचं. या महिन्यात भाडेकरूच्या हातात दोन गोष्टी असत. पैसे भरायचे, किंवा भाडं अवाच्या सवा आहे असं म्हणून प्रमाण भाडं ठरवण्याचा अर्ज कोर्टात टाकायचा. हा अर्ज महिन्याच्या आत पडला की वाद ‘थकबाकी’चा न राहता ‘किती भाडं?’ असा होई, आणि मालकाची घाई तिथेच थांबे. मालकही काही कमी नव्हते. भाडं घ्यायचंच नाही, पावती द्यायचीच नाही आणि सहा महिन्यांनी थकबाकीची नोटीस पाठवायची, ही त्यांची जुनी खेळी. त्यावर भाडेकरूंनी काढलेला तोडगा म्हणजे मनीऑर्डर. दर महिन्याला भाड्याची मनीऑर्डर करायची. मालकाने नाकारली की पोस्टमन फॉर्मवर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पैसे परत आणायचा. ते फॉर्म पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या शेजारी जपून ठेवलेले असत. भाडं द्यायची ‘तयारी’ होती याचा याहून चांगला पुरावा नव्हता.

मालकाला स्वतःला खोली हवी असेल तर? तेही कारण कायद्यात होतं, पण नुसती गरज पुरेशी नव्हती. जागा न मिळाल्याने मालकाची अडचण मोठी की जागा गेल्याने भाडेकरूची, हे कोर्टाने तोलायचं. लग्नाला आलेला मालकाचा मुलगा एका पारड्यात आणि भाडेकरूची म्हातारी आई दुसऱ्या. असे दावे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं चालले. मुलाचं लग्न होऊन नातवंडं झाली तरी निकाल नाही, हे कोर्टाच्या आवारातलं नेहमीचं बोलणं.

या सगळ्याला कंटाळून मालकांनी भाडेकरू ठेवणंच सोडलं आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा कागद पुढे केला. भाडं नाही, ‘शुल्क’. भाडेकरू नाही, ‘परवानाधारक’. राहणं तेच, फक्त कायद्याच्या बाहेर. सरकारने १९७३ साली ही पळवाट एका फटक्यात बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी चालू परवान्यावर जागेत राहत होता, तो त्या तारखेपासून भाडेकरू ठरला. त्या दिवशी खोलीत असलेला माणूस रात्रीतून पक्का झाला. अकरा महिन्यांनी आलेल्याच्या हाती काही लागलं नाही. या दुरुस्तीची वाहवा झाली, पण तिचा दुसरा परिणाम झाला तो घराच्या शोधात येणाऱ्यांवर. पुन्हा असाच कायदा येईल या धास्तीने मालकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपं लावली. जे आत होते ते तरले, जे बाहेर होते त्यांना पागडी मोजावी लागली किंवा लोकल धरून पुढचं स्टेशन गाठावं लागलं. १९८७ साली सरकारनेच सूर बदलला. मुदत संपलेल्या परवानाधारकाला झटपट बाहेर काढण्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमण्याची तरतूद आली.

प्रमाण भाडं १९४० ला गोठलेलं असणं मनमानी आणि गैरवाजवी झालं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून त्याने तो रद्द केला नाही. त्यातून आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळाली. थकबाकीच्या नोटिशीनंतर थांबायची मुदत एका महिन्यावरून नव्वद दिवसांवर गेली. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर थकबाकीच्या कारणावर खोली जात नाही. पाणी-वीज तोडून भाडेकरूला पळवून लावणं गुन्हाच राहिला. आणि पंचावन्नाव्या कलमाने करार लेखी करणं आणि नोंदवणं सक्तीचं केलं, तेही मालकाच्या जबाबदारीवर. करार नोंदवलेला नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

बदलापूरच्या गगनाला भिडणाऱ्या नव्या इमारतींमधल्या बहुतेक भाड्याच्या घरांवर आज याच कायद्याचं परवानाधारकांबद्दलचं चोविसावं कलम चालतं. करार अकरा महिन्यांचा, नोंदणी ऑनलाइन, मालक बऱ्याचदा स्वतःच ठाण्यात किंवा डोंबिवलीत राहणारा, कर्जाचा हप्ता भाड्यातून फेडणारा पगारदार. मुदत संपल्यावर राहणारा इथे हललाच नाही तर त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आलं की तीस दिवसांत आपली बाजू मांडण्याची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र न दिल्यास मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरलं जातं. १९४७ च्या कायद्यात नोटिशीनंतरचा महिना भाडेकरूच्या बाजूचा होता. इथले तीस दिवस उलट बाजूचे आहेत, आणि हा फरक बहुतेकांना समन्स हातात पडल्यावर कळतो.

दरम्यान उल्हासनगरात नोटीस पाठवणाराच बदलला. बराकींच्या जागी परवानगीशिवाय उठलेल्या इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हा राज्य सरकारने २००६ साली खास उल्हासनगरपुरता अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत सात जण गेले. त्यानंतर महापालिकेच्या ‘धोकादायक इमारत’ नोटिशी वाढल्या. अशी नोटीस मालक आणि भाडेकरू दोघांनाही एकदमच दाराबाहेर काढते. इथे ‘भाडं द्यायची तयारी आहे’ हे उत्तर चालत नाही. काही ठिकाणी तर मालकालाच इमारत धोकादायक ठरलेली हवी असते, कारण जे काम कोर्टात वीस वर्षांत होत नाही ते पालिकेच्या एका कागदाने होतं.

पण इमारत पडली म्हणजे भाडेकरूचा हक्क पडला, असं नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका जुन्या इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, त्यात जमीनही येते. म्हणून बांधकाम नाहीसं झालं तरी भाडेकरूपण संपत नाही. त्याच वर्षी मुंबई महापालिकेबाबत उच्च न्यायालयाने धोकादायक इमारती रिकाम्या करण्याची पद्धत घालून दिली. तिच्यात इमारत पाडण्याआधी प्रत्येक रहिवाशाच्या जागेचं क्षेत्रफळ मोजून यादी करायची, आणि इमारतीच्या मजबुतीचे दोन ऑडिट अहवाल एकमेकांविरुद्ध असतील तर तांत्रिक समितीकडे जायचं, असं सांगितलं आहे.

म्हणून या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मालकाची नोटीस आली तर पाकीट आणि पोच जपून ठेवा, भाडं बँकेतून भरा आणि लेखी उत्तर द्या. नोटीस घर सोडायला लावू शकत नाही, ते कोर्टाच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या आदेशानेच होतं. कुलूप तोडून सामान बाहेर टाकलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर मात्र जीव आधी, घर लगेच सोडा. पण इमारत पाडण्याआधी आपल्या खोलीचं मोजमाप करून घ्या आणि नाव-क्षेत्रफळाची नोंद असलेला पालिकेचा सही-शिक्क्याचा कागद मिळवल्याशिवाय राहू नका.